एका डबीत दोघींची बोटं

मी मिश्रीची डबी बोलतेय. मुरडलंत ना नाक? मुरडा बापडे. अत्तराची डबी लोक खिशातून काढून चारचौघांत फिरवतात, आणि मला मात्र लुगड्याच्या कनवटीला खोचून ठेवतात. तरीही ऐकाच. मला जे ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि मी ते वेळेवर सांगू शकले नाही, याची खंत मला आजही आहे.

तुमच्यापैकी कुणी शहरातलं असेल तर आधी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, फडक्यातून गाळायची, की झाली मिश्री. बोटावर चिमूटभर घ्यायची आणि दात, हिरड्या घासत बसायचं. आमच्याकडच्या बायका म्हणतात, दात स्वच्छ राहतात. मला विचाराल तर दात हे नुसतं निमित्त. दात घासायला कुणाला दिवसातून सात वेळा, अर्धा अर्धा तास लागत नाही!

जन्मानं मी मिश्रीची नव्हे हं. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाची यात्रा भरते, तिथं एका भांडीवाल्याच्या पालात मी मांडलेली होते. पितळेची, मूठभर, झाकणावर कमळ कोरलेलं. एका नव्या नवऱ्यानं मला उचललं आणि शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या हातात ठेवलं. ती लाजली आणि म्हणाली, "कशापायी खर्च?" ती अंबूबाई. माहेर म्हसवडचं, सासर कऱ्हाडजवळ कृष्णाकाठच्या एका गावात. तिनं माझ्यात कुंकू भरलं. सहा वर्षं मी कुंकवाची डबी होते, आणि खोटं कशाला बोलू, थोडी तोऱ्यातच होते.

मग तिचा नवरा तापानं गेला. बायकांनी मला उघडलं, कुंकू झटकून टाकलं आणि कोनाड्यात पालथी घातली. अंबूबाई तेव्हा पंचविशीतसुद्धा नव्हती. पदरात एक मुलगा, लालासाहेब, चार वर्षांचा. ती भिंतीकडं तोंड करून बसायची. शेजारची भामाबाई आणि आळीतल्या दोघीतिघी रोज दुपारी येऊन तिच्याजवळ बसायच्या आणि आपापल्या डब्या काढायच्या. कुणी तिला 'लाव' म्हटलं नाही. नुसत्या लावत बसायच्या, आणि लावता लावता बोलत बसायच्या. पाचव्या का सहाव्या दिवशी अंबूबाईनं आपणहून हात पुढं केला. बोटावर किती घ्यायची, कुठून सुरुवात करायची, थुंकायला कधी उठायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. पाच दिवस ती भिंतीकडं बघतेय असं सगळ्यांना वाटत होतं, पण ती तिरक्या नजरेनं त्यांच्याकडंच बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी कोनाड्यातून खाली आले आणि माझ्यात मिश्री आली. मला तर बरंच वाटलं. पालथं पडून राहण्यापेक्षा पोटात काहीतरी असलेलं बरं, एवढीच माझी अक्कल.

वर्षं गेली. लालासाहेब मिलिटरीत भरती झाला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली. एकोणीसशे सत्तर साली त्याला पलटणीत राहायला खोली मिळाली. तो बायकोला आणि धाकट्या पोराला घेऊन गेला, पण थोरली लेक बना हिला आजीजवळ ठेवलं. "म्हातारी एकटी पडंल," म्हणाला. बना तेव्हा बारा वर्षांची होती. घरात दोघीच. म्हणजे मला धरून तिघी.

पोरगी काय नजरेची होती म्हणून सांगू! अंबूबाई भाकरी थापायला बसली की समोर उकिडवी बसून बघायची. महिन्याभरात तशीच भाकरी थापायला लागली, तशीच कड मोडायची, तसाच पाण्याचा हात फिरवायची. अंबूबाई म्हशीखाली बसताना आधी तिच्या कासेला हात लावून "ए बये" म्हणायची, तर हीही म्हणायची. अंबूबाई उठताना गुडघ्यावर हात ठेवून "नाथा रं" करायची. तेरा वर्षांची पोर तीसुद्धा तसंच करून उठायला लागली, गुडघे ठणठणीत असताना! आळीतल्या बायका हसून बेजार व्हायच्या.

अंबूबाईला त्याचं भारी कौतुक. "एक शबूद सांगाय लागला न्हाई बगा. सगळं आपलं आपून शिकली," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. त्या शेवटच्या वाक्यात काय धोका होता, ते तिला कळलं नाही. मलाही कळलं नाही, मी कशाला शहाणपणा मिरवू.

सकाळी म्हशीची धार काढून झाली की ओसरीवर बायका जमायच्या. मी मधोमध. माझं झाकण उघडलं की त्यांची तोंडंही उघडायची. कुणाची सासू काय म्हणाली, कुणाचा नवरा कसा वागला, कुणाला दिवस गेलेत, सगळं तिथं निघायचं. बना जवळ सरकली की कुणीतरी म्हणायचंच, "पोरी, जा तिकडं, शेण काढ जा." ती जायची, पण गोठ्याच्या दारातून बघत राहायची. तिला तंबाखू नको होती हो. तिला त्या घोळक्यात बसायचं होतं. आणि घोळक्यात बसलेल्या प्रत्येकीचं बोट काळं होतं, एवढं तिला दिसत होतं.

एके सकाळी तिनं शेणीची राखुंडी कुटली, बोटावर घेतली, आणि बायकांच्या शेजारी बसून घासायला लागली. एक डोळा बारीक, मान थोडी कलती, मध्येच लांब बघून "हं" म्हणणं. हुबेहूब अंबूबाई! भामाबाई एवढी हसली की तिला ठसका लागला. "अगं, ही तर दुसरी अंबूच की गं!" आणि अंबूबाईही हसली. नातीला जवळ ओढून तिनं कुशीत घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा पोरीला त्या घोळक्यात जागा मिळाली.

त्या दिवशी त्या हसायला नको होत्या. मला हे राहून राहून वाटतं.

राखुंडीवरून माझ्यापर्यंत यायला तिला दोन महिनेही लागले नाहीत. पहिल्या वेळी तिला गरगरलं, ती अंगणातल्या तुळशीपाशी ओकली. अंबूबाई ओसरीवर मिश्री लावत बसली होती, ती तशीच धावली. पोरीचं काळं बोट बघितलं आणि पाठीत एक धपाटा घातला. "कुणाचं बगून शिकलीस गं ह्ये? आं? कुणाचं बगून शिकलीस?" असं ती ओरडत होती, आणि ओरडताना तिच्या स्वतःच्या ओठांच्या कडेला मिश्री होती. बनानं नुसतं आजीच्या ओठांकडं बघितलं. भामाबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

धपाट्यानं पोरीची मिश्री काही सुटली नाही; मी ओसरीवर राहिले की तिचं बोट माझ्यात यायचंच. त्याच वर्षी, म्हणजे बहात्तर साली, गावात आरोग्य केंद्रातले डॉक्टर आले. दुष्काळाचे दिवस होते, रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या बायामाणसांना तपासत होते. अंबूबाईच्या तोंडात त्यांनी बॅटरी मारली. गालाच्या आतल्या अंगाला त्यांना एक पांढरा डाग दिसला. ते म्हणाले, "आजी, ही मिश्री आजपासून बंद करा. आज बंद केलीत तर डाग जाईलसुद्धा. नाही केलीत तर पुढं तोंडात गाठ होईल, आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही."

घरी येताना अंबूबाई वाटेत तीनदा बसली. तिला स्वतःची भीती नव्हती. मी तिच्या कमरेला होते, मला तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "माजं काय, माजं झालं. पर त्या पोरीच्या तोंडात आसलं काय झालं तर लालाला काय तोंड दावू?"

आठ दिवसांनी ती बनाला घेऊन म्हसवडला गेली. सिद्धनाथापुढं तिनं पोरीचा हात हातात धरला. "आजपास्नं म्या लावणार न्हाई. तू बी लावायची न्हाई. नाथाची आन हाय. आन जिनं मोडली तिनं दुसरीला सांगायचं." पोरगी "व्हय आज्जी" म्हणाली. परतल्यावर दोघी नदीवर गेल्या, माझ्यातली मिश्री पाण्यात सोडली आणि मला वाळूनं घासलं. मला मात्र फेकवेना तिच्यानं. "तुज्या आज्ज्यानं घेतल्याली हाय," म्हणाली आणि ट्रंकेत ठेवलं.

अंबूबाईनं मनापासून सोडली होती, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. सतरा दिवस तिनं काढले. ते काय दिवस होते! डोकं ठणकायचं, हात कापायचे, पोट साफ व्हायचं नाही, कशातच जीव रमायचा नाही. दुपारी तल्लफ अनावर झाली की ती माजघरात येऊन ट्रंकेवर डोकं टेकायची. पण हे सगळं बना घरात नसताना. पोरीची चाहूल लागली की डोळे पुसून, पदर सावरून, ताठ.

एकदा बनानं विचारलं. तिलाही त्रास होत होता ना. म्हणाली, "आज्जी, मला लय आठवण येती गं. तुला बी येती का?"

अंबूबाई म्हणाली, "छ्या! मला काय हुतंय? मन घट्ट आसलं की झालं."

मी ट्रंकेत पडल्या पडल्या हे ऐकलं. म्हातारीला वाटलं, पोरीनं आपला घट्टपणा बघून शिकावं. पोरगी मात्र निराळंच शिकली. आज्जीला काही होत नाही आणि मला होतंय, म्हणजे मीच लेचीपेची, आणि लेचंपेचं असणं ही लपवायची गोष्ट. अगं अंबूबाई, 'मला बी मरणाची आठवण येती गं' एवढं म्हणाली असतीस तर दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडून घेतलं असतं आणि अठरावा दिवस निघाला असता.

अठराव्या दिवशी ती कऱ्हाडच्या बाजाराला गेली आणि तयार मिश्रीची पुडी घेतली. दुकानदारानं विचारलं नसतानाही त्याला सांगितलं, "शेजारणीसाठी न्हेती हाय." मला ट्रंकेतून काढलं, भरलं, आणि माजघरातल्या ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून दाण्यांत पुरलं. तेव्हापासून मी अंधारात राहायला लागले.

जिनं आण मोडली तिनं दुसरीला सांगायचं, असं ठरलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं ती माझ्याशी बोलायची. पण गावभर झालं होतं ना, अंबूबाईनं मिश्री सोडली! खालच्या आळीतल्या बायका तिला विचारायला यायच्या, "आत्याबाई, कशी सोडलीसा वो?" आणि ही हिरडीखाली मिश्री दाबून सांगायची, "मन घट्ट करायचं बाई." मला कणगीत हसू यायचं. पुढं पुढं हसू यायचं बंद झालं.

मग तो दिवस. बनाची शाळा लवकर सुटली होती. अंबूबाई कणगीच्या आडोशाला बसली होती, डोळे मिटलेले, बोट तोंडात. मी तिच्या मांडीवर उघडी. दारात बना आली. थांबली. तिनं सगळं बघितलं. मला वाटलं, आता ही ओरडणार, रडणार, आण काढणार. बरं झालं, एकदाचं होऊन जाऊ दे, असंच मला वाटलं.

ती पाय न वाजवता मागं सरली, अंगणात गेली, आणि तिथून मोठ्यानं हाक मारली, "आज्जी, आले गं म्या!"

आत धांदल. मी कणगीत गेले, चूळ भरली गेली, पदर फिरला. बना आत आली तेव्हा आजी सुपात दाणे निवडत होती. पोरीनं आजीची लाज राखली हो. चौदा वर्षांची पोर, केवढी माया तिची! आणि त्या एका हाकेत ती लपवालपवी पुरती शिकून गेली.

तिसऱ्या दिवशी अंबूबाई नदीला गेली असताना कणगीत दुसरा हात आला. लहान, आजीसारखं मनगटावर गोंदण नसलेला. मी ओळखला.

तेव्हापासून चार वर्षं मी दोघींची होते. सकाळी म्हातारीचं बोट, दुपारी पोरीचं. दोघी एकमेकींपासून चोरून. म्हातारी हात लागल्याची खूण राहू नये म्हणून वरचे दाणे सारखे करायची, पोरगी तिच्यामागून तसेच सारखे करायची. मिश्री लवकर संपायला लागली. बनाला भीती वाटली, आज्जीला कळेल. तिनं राखुंडी कुटून माझ्यात मिसळली. अंबूबाई मला उघडून चडफडायची, "मेला दुकानदार! लय भेसळ कराय लागलाय. पर भांडू तरी कसं त्येच्यासंगं?" आणि कधी कधी स्वतःलाच दूषणं द्यायची, "अंबे, किती लावतीस गं! वाटी वाटी संपतीया!" आपल्याच बोटांवर आळ घ्यायची बिचारी. मला तेव्हा त्याची गंमत वाटली. आज आठवलं की जीव कासावीस होतो.

पंचाहत्तर सालच्या बेंदराला घरात पुरणपोळी होती. अंबूबाईनं एक घास घेतला आणि पोळी बाजूला सारली. "दात दुकतूया," म्हणाली. मग दुधात कुस्करून भाकरी, मग नुसतं दूध. दाताचं औषध म्हणून लवंग धरायची. गालाच्या आत गाठ होती. बोट तिथं लागलं की ती कळवळायची, ते मला कळायचं, कारण तेच बोट माझ्यात परत यायचं. एके दिवशी त्या बोटाला रक्त होतं.

मला बनाचा राग यायचा. पोरी, तुला दिसतंय ना? तुझ्याएवढी तिखट नजर गावात कुणाची नाही. आजीच्या भाकरीच्या कडा शिल्लक राहतात, ती एका अंगानं चावते, हसताना तोंड मिटते, हे तुला दिसत नाही होय? तिला दिसत होतं. दोनदा तिनं बापाला पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. आजीच्या तोंडाचं सांगायचं म्हणजे कणगीतलं सांगायचं, आणि कणगीतलं सांगायचं म्हणजे आपलंही सांगायचं. आजी म्हणाली "दात दुकतूया," की ती म्हणायची, "लवंग धर गं." दोघींच्या तोंडाला कुलूप, आणि मी बसले कणगीत, मला तर तोंडच नाही.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात लालासाहेब सुट्टीवर आला. आईचा सुजलेला गाल बघून त्यानं कपडेसुद्धा बदलले नाहीत, तसाच तिला सांगलीच्या दवाखान्यात घेऊन गेला. पंधरा दिवसांनी परत आणलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला एकच विचारलं होतं, वर्षभर आधी का नाही आणलं. तो ते पुन्हा पुन्हा सांगत होता आणि बना चुलीकडं तोंड करून ऐकत होती.

अंबूबाईला माजघरातच अंथरूण घातलं, कणगीच्या समोर. बोलणं जड झालं होतं, शब्द तुटत यायचे. एका दुपारी लालासाहेब औषधाला कऱ्हाडला गेला होता. तिनं बनाला जवळ बोलावलं.

"बने, तुला सांगायचं हाय. म्या आन मोडली गं. सतराच दीस पाळली. तू पाळलीस. माज्यापरीस तू खरी निगालीस." दम घेऊन ती म्हणाली, "कणगीत डबी हाय. काड, आन नदीत टाकून ये. उजव्या अंगाला, खोल हाय बग."

बना उठली. कणगीपाशी गेली. आणि तिनं हात घातला तो सरळ डाव्या अंगाला. आदल्या दिवशी, आजीचा डोळा लागला असताना, तिनंच मला तिथं ठेवलं होतं. चाचपलं नाही, शोधलं नाही, एका झटक्यात मला बाहेर काढलं. मग तिच्या लक्षात आलं. ती तशीच उभी राहिली, पाठमोरी.

अंबूबाईनं बघितलं होतं. ती म्हणाली, "हिकडं ये." पोरीचा हात घेतला. डाव्या हाताचं पहिलं बोट उलटंसुलटं करून बघितलं. नखाच्या कडेला काळं होतं.

"कवापास्नं गं?"

"तू कणगीत ठेवल्यापास्नं."

"म्हंजी तुला समदं ठाव हुतं?"

"व्हय."

"माज्या तोंडाचं बी?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस गं माजे आये? चार वरसं! कुणाला तरी सांगायचंस."

बनाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "तूच बोलत नव्हतीस, आज्जी. मला वाटलं, आसंच करायचं आसतंय."

मी त्या पोरीच्या मुठीत होते. ती मूठ एवढी आवळलेली होती की माझं बिजागर वाकलं, ते आजही वाकडंच आहे. म्हातारी रडली. तोंड दुखत असताना रडणं किती अवघड असतं, ते मी त्या दिवशी बघितलं. पदराचं टोक थुंकीनं ओलं करून ती पोरीचं बोट पुसत राहिली. नखातलं काही निघत नव्हतं.

"म्या सांगायला पायजे हुतं," ती म्हणाली. "मला लय आठवण यायची बने. ट्रंकेवर डोकं ठेवून रडायची मी. तुला दिसू दिलं न्हाई."

नवव्या दिवशी अंबूबाई गेली.

बनानं मला नदीत टाकलं नाही. तिच्या आजीलाही ते जमलं नव्हतं. आता मिश्री सोडायची, असं तिनं तेव्हाच ठरवलं, पण मनातल्या मनात. मनातल्या मनात सोडलेली मिश्री मनातल्या मनात परत सुरू होते. तीनदा सोडली, तीनदा धरली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. सांगलीत नवरा हळदीच्या वखारीत कामाला, नाव अर्जुना. माणूस साधा, रोज संध्याकाळी पायापासून भुवयांपर्यंत पिवळा होऊन घरी येणारा. सासू साळूबाई. मी बनाच्या पेटीत, साड्यांच्या तळाशी.

चौथ्या का पाचव्या सकाळी साळूबाईनं आपली डबी काढली आणि मायेनं पुढं केली. "लाव की गं. लाजू नगंस. आमच्यात समद्या लावत्यात."

बना उठली, पेटी उघडली, मला बाहेर आणलं आणि सासूसमोर फरशीवर ठेवलं. "आत्याबाई, ह्यी माजी. म्या चौदा वर्साची असल्यापास्नं चोरून लावती. माजी आज्जी ह्येच्यापायी गेली. मला सोडायची हाय आन मला एकटीला जमत न्हाई. माज्याकडं ध्यान द्या. लावताना दिसले तर बोला. आन मला लय आठवण आली की म्या तुमाला सांगणार, तवा हसू नगा."

साळूबाईचं बोट तोंडातच राहिलं. नवी सून असलं काही बोलते, हे तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. पण ती हसली नाही.

सोपं गेलं असं समजू नका. बना दोनदा घसरली. दोन्ही वेळा तिनं स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं, "आज लावली म्या." एकदा तर नवरा जेवत असताना सांगितलं, त्याच्या हातातला घास तसाच राहिला. तल्लफ आली की मोठ्यानं म्हणायची, "आयाया, हात कापाय लागला बगा माजा!" आणि साळूबाई तिच्या हातात जात्याचा खुंटा नाहीतर फोडायला चिंचा द्यायची. होता होता सुटली. वर्ष झालं आता. साळूबाईचीही दिवसाला सात वेळांवरून दोनवर आली आहे, कुणी तिला काही म्हटलेलं नाही.

बनानं मला चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, उन्हात ठेवलं. माझा वास जात नाही. पोटात मुरलाय. शेवटी परवा ती मला घेऊन जुनी भांडी वितळवायला घेणाऱ्या मोडवाल्याच्या दुकानात आली. दुकानात आणखी तीन-चार बायका होत्या. मोडवाल्यानं माझं झाकण उघडलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "काय होतं हो ताई यात?"

बना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मिश्री. माजी आन माज्या आज्जीची. दोगी एकमेकींपास्नं चोरून लावत हुतो."

 एका बाईचा हात आपसूक कनवटीकडं गेला आणि तिथंच थांबला. बनानं मला एकदा ओंजळीत धरलं, खाली ठेवलं, आणि मागं न बघता गेली.

उद्या भट्टी पेटेल म्हणतात. माझी तक्रार नाही. मला फक्त एवढंच डाचतं की, बना या अनोळखी माणसांपुढं जे बोलली, ते त्या घरात दोघींपैकी कुणी एकीनं अंबूबाई जायच्या चार वर्षं आधी बोलायला हवं होतं. पांढऱ्या डागाएवढंच होतं तेव्हा ते दुखणं, जाईलसुद्धा असं डॉक्टर म्हणाले होते.

तुमच्या घरातही कुणीतरी लहान असेल. ते तुमचं ऐकत नाही म्हणून तुम्ही वैतागत असाल. ते ऐकत नाही, पण गोठ्याच्या दारातून बघतंय हो. त्याला तुमचा घट्टपणा दाखवायची एवढी हौस असेल तर दाखवा, पण एखाद्या दुपारी तुमचा कापणारा हातही दाखवा. अंबूबाईला ते सुचलं नाही. ती वाईट नव्हती, मी तिच्या कमरेला राहिलेली आहे, मला ठाऊक आहे. तिला फक्त लाज वाटली.